मी अर्नाळ्याला नेलेला लघुग्रह

वसईला जाऊन आले असं सांगितलं की आमच्या कऱ्हाडात लोक पहिल्यांदा किल्ल्याबद्दल विचारतात. किल्ला मी पाहिला नाही. चार दिवस वटार आणि अर्नाळा यांच्यामध्ये रिक्षाने जा-ये केली, भरपूर खाल्लं, एकदा होडीत बसले, आणि उरलेला वेळ एका दगडाच्या मागे घालवला. तो दगड वसईत नव्हता आणि पृथ्वीवरही नव्हता. या गोष्टीला आता दोन वर्षं झाली, तेव्हा शांतपणे लिहायला हरकत नाही.

मी कॉलेजात गणित शिकवते. लघुग्रहांच्या कक्षा मांडून बघायच्या, हा माझा छंद. दुर्बीण माझ्याकडे नाही. लोक वेध घेतात, मी त्यांचे आकडे घेते. कुणी हौशी माणूस पत्ते खेळतो, कुणी शब्दकोडी सोडवतो, तसं हे. घरच्यांनी केव्हाच हात टेकले आहेत.

२००४च्या डिसेंबरात अशा एका दगडाने आमच्यासारख्या लोकांची झोप उडवली होती. तीन-चारशे मीटरचा दगड. जूनमध्ये तो दिसला होता, मग हरवला, आणि डिसेंबरात पुन्हा सापडला. त्याचं वर्ष तीनशे चोवीस दिवसांचं, म्हणजे आपल्यापेक्षा चाळीसेक दिवसांनी लहान. बराचसा वेळ तो आपल्या आतल्या बाजूने सूर्याभोवती फिरतो, पण प्रत्येक फेरीत दोनदा आपली वाट ओलांडतो. आणि १३ एप्रिल २०२९ला त्या नाक्यावर तो आणि पृथ्वी एकाच वेळी येणार, असं दिसत होतं. आदळण्याची शक्यता निघाली तेव्हा साठात एक. इतका मोठा आकडा कुठल्याच दगडाच्या वाट्याला आजवर आला नव्हता. तो कागद छापून, घडी करून मी पर्समध्ये ठेवला आणि नाताळाला फिलोकडे गेले.

वटार, शनिवार

फिलो, म्हणजे फिलोमिना, माझी हॉस्टेलमधली मैत्रीण. अर्नाळ्याच्या शाळेत शिकवते, राहते वटारला. घराभोवती केळीची वाडी, विहिरीवर मोटार, पानवेलींचे मांडव. अंगणात नाताळचा गोठा केला होता आणि त्यावर शेपटीचा तारा टांगला होता. तो तारा नव्हे, धूमकेतू दिसतोय, असं मी चपला काढता काढता सांगितलं. फिलोचा नवरा आत ओरडून म्हणाला, "फिलो, तुझी मैत्रीण आली गं."

जेवणाचं काय सांगू. तांबड्या रश्श्यातलं मटण आणि त्याबरोबर फुगे. पीठ आंबवून हाताच्या मुठीतून गोळे तेलात सोडतात, ते टम्म फुगतात आणि आतून जाळीदार होतात. आमच्याकडे वड्यांचं जे कौतुक, ते इथे फुग्यांचं. शेवटी सुकेळी आली. राजेळी केळी सोलून उन्हात वाळवतात आणि केळीच्याच सोपटात, म्हणजे खोडाच्या वाळक्या सालीत, बांधून ठेवतात. आमच्या कृष्णाकाठी केळ्याचा घड दोन दिवस टिकत नाही, घरातली माणसंच टिकू देत नाहीत. इथे केळं वर्षभर जपतात.

जेवण आटोपतं तोवर हिराबाई आल्या. अर्नाळ्याच्या कोळीण, पन्नाशीच्या, काठीसारख्या सरळ. फिलोच्या दारी वीस वर्षं मासळी घालतात. त्या दिवशी मासळी नव्हती, रिकामी परात होती. दिवाळीचा फराळ त्यांच्याकडून वटारला येतो आणि नाताळचा फराळ वटारहून त्यांच्याकडे जातो. फिलो परात भरत असताना मला खालच्या आवाजात म्हणाली, "हिचं सध्या घरी वाजलंय. नवरा, धर्मा तांडेल, नवी बोट बांधायला काढतोय. मंगळवारी पहिलं लाकूड मांडायचंय. हिला नकोय."

"का?"

"रमेशसाठी. मुलगा एकच. वालीवला कारखान्यात लेथवर आहे, मीच ओळखीने लावला. हिचा सख्खा भाऊ समुद्रावरून परत आला नाही, तेव्हापासून तिने ठरवलेलं, पोराला पाण्यावर पाठवायचं नाही. आता खलाशी मिळत नाहीत म्हणून तांडेल म्हणतो, बोट झाली की रमेश येईल. आणि त्यांच्यात घरच्या बाईने हळदकुंकू लावल्याशिवाय सुतार लाकडाला हात लावत नाही."

मला तो घरगुती प्रश्न वाटला. माझ्याकडे लघुग्रह होता.

टेबलावर ताट होतंच. मी ताटाची कड म्हणजे पृथ्वीची वाट केली, मधे सूर्य म्हणून खोबऱ्याची वडी ठेवली, फुग्याची पृथ्वी केली, शेंगदाण्याचा दगड केला, आणि त्याला ताटाची कड ओलांडून आतबाहेर फिरवून दाखवलं. फिलोच्या नवऱ्याने मधेच सूर्य खाल्ला. हिराबाई मात्र उभ्या राहून नीट बघत होत्या.

"पडला तं कुठं पडंल?" त्यांनी विचारलं.

"ते आताच सांगता येत नाही. पण पृथ्वीवर जमिनीपेक्षा पाणीच जास्त, तेव्हा समुद्रात पडण्याची शक्यता अधिक."

"कवा?"

"पंचवीस वर्षांनी."

"सागाची बोट पंचवीस-तीस वरसं टिकते," हिराबाई म्हणाल्या. मला वाटलं, सहज म्हणाल्या. "आनि पडंल का नाय, ते कोन सांगनार?"

मी कागद काढून आकडा वाचला. साठात एक. तो फार लहान आहे, घाबरायचं कारण नाही, असंही सांगितलं. हिराबाईंनी आकडा तोंडातल्या तोंडात एकदा म्हटला, परात डोक्यावर घेतली आणि निघाल्या. माझ्या जिभेला हाड नाही हे कॉलेजात सगळ्यांना माहीत आहे. वटारला ते कळायला रविवार उजाडावा लागला.

अर्नाळा, रविवार

दुसऱ्या दिवशी फिलो मला अर्नाळ्याला घेऊन गेली. हिराबाईंच्या घरी जेवायचं होतं. ओल्या बोंबलांची आस धरून मी सकाळी नाश्ताही बेताचा केला होता. निघाली दत्तजयंती. घरात पौर्णिमा पाळतात. वाटाण्याची आमटी आणि भात जेवले.

किनाऱ्याला लागून घर, पुढे बांबूच्या मांडवांवर वाळत घातलेले बोंबील, आणि माडांखाली सागाचा एक लांबच लांब ओंडका, तासून तयार. हेच ते पहिलं लाकूड, बोटीच्या तळाचं, ज्यावर बाकी सगळी बोट उभी राहते. त्याच्याजवळ धर्मा तांडेल उभे होते. तांडेल म्हणजे बोट चालवणारा मुख्य. रुंद, काळेसावळे, बोलायला तुटक. नमस्कार झाल्यावर पहिलं वाक्य त्यांनी टाकलं, "बाई, तुमी काय सांगून ठेवलंव आमच्या घरात?"

मी म्हटलं, गणित सांगितलं.

"काल संद्याकालपासून हीचं एकच. बोट कशाला बांदायची, वरून दगड येनार, दर्या उठनार. कालेजच्या बाई बोलल्या. आता मी कालेजच्या बाईम्होरं काय बोलू?"

मी त्यांना आणि दारात आलेल्या हिराबाईंना पुन्हा समजावलं. साठात एक म्हणजे एकोणसाठ वेळा काहीही होणार नाही. आणि पुढे आणखी वेध घेतले की ही शक्यता कमी होत जाईल, हे मी हमखास सांगते. वर्गात हे सांगितलं की मुलं मान डोलावतात. हिराबाईंनी डोलावली नाही.

"आमच्या बंदराला साठेक बोटी हायत, बाई," त्या म्हणाल्या. "साठात एक म्हंजे एक बोट. ती एक बोट ज्याची, त्याचं सगलं गेलं. बाकीच्या एकुनसाठ हायत म्हनून त्याला काय करायचं?"

 आम्ही शक्यता शिकवताना चेंडू आणि पिशवी घेतो. त्यात कुणाचा भाऊ नसतो.

जेवल्यावर टीव्ही लावला तर पूर्वेकडच्या किनाऱ्याची दृश्यं चालली होती. त्सुनामी हा शब्द त्या घरात मीच पहिल्यांदा उच्चारला असेन. तमिळ मुलखातल्या बोटी घरांच्या छपरांवर, रस्त्यात, एकमेकींवर चढलेल्या. तांडेल जवळ जाऊन उकिडवे बसले आणि बोटी बघत राहिले.  हिराबाईंनी एकदा नवऱ्याकडे बघितलं, मग माझ्याकडे. मी सांगू लागले की याचा आणि दगडाचा काही संबंध नाही, हा भूकंप आहे, आणि फिलोने मला चिमटा काढला.

निघताना रमेश रिक्षापर्यंत सोडायला आला. चोवीस वर्षांचा, हसरा. नखांत वंगण बसलेलं. फिलोने विचारलं, कारखान्यात बरं चाललंय ना. तो म्हणाला, "चालतंय टीचर. पण त्या पत्र्याच्या शेडमध्ये दुपारी डोकं फिरतं माझं. मला बोटच पायजे. आईला बोलू नका हां."

सोमवार, होडीत आणि नंतर

सोमवारी तांडेलांनी निरोप धाडला, बाईंना किल्ला दाखवतो. राग गेला होता किंवा पाहुणचारापुढे त्यांनी तो बाजूला ठेवला होता. अर्नाळ्याचा किल्ला बेटावर आहे, किनाऱ्यावरून होडीने दहा मिनिटं. उधाणाची भरती होती, होडी चांगलीच हलत होती. कृष्णेत मी पोहले आहे, पण नदीचं पाणी एकाच बाजूला जातं एवढी तरी शिस्त पाळतं. मला मळमळायला लागलं. तांडेल म्हणाले, पान्याकडं नको, जमिनीकडं बगा.

म्हणून मी जमिनीकडे बघितलं, आणि त्यांना विचारलं की भर समुद्रात तुम्हाला तुमची जागा सापडते कशी. ते लोक समुद्रात खोलवर खांब रोवतात आणि त्यांना पिशवीसारखी जाळी बांधतात. भरती-ओहोटीचं पाणीच मासळी आत लोटतं. प्रत्येक घराच्या खांबांची जागा पिढ्यान्‌पिढ्या ठरलेली. वर काही दिसत नाही, सगळीकडे सारखं पाणी.

"खुनेवर," तांडेल म्हणाले. "किल्ल्याचा बुरूज जीवदानीच्या डोंगराखाली आनायचा. दोनी एका रेघंत आले की समजायचं, आपन आपल्या रेघेवर हाव. पन रेघच मिलली, जागा नाय. त्या रेघेवर पुडं का मागं, ते दुसरी खून सांगते. चर्चचा मनोरा आनि तो ताड. तेपन एका रेघंत आले की जाल्याचा खांब बरोबर खाली."

"आणि धुकं असलं, दुसरी खूण दिसलीच नाही तर?"

"तं पयल्या रेघेवर हलू हलू जायाचं. शेजाऱ्याचं जालं त्याच रेघेवर असंल तं जीव वर-खाली होतो. जितकं जवल जावं तितकं वाटतं, आता घुसलो त्याच्या जाल्यात. मंग धुकं फाटतं, ताड दिसतो, आनि कलतं का आपन होतो लांबच."

मळमळ विसरून मी त्यांना हे पुन्हा सांगायला लावलं. किल्ल्याच्या दारापर्यंत आम्ही गेलो, मी आत गेले नाही. दारातल्या पायरीवर बसून पर्समधल्या कागदाच्या मागे रेघा काढत राहिले. फिलो एकटीच आत फिरून आली.

संध्याकाळी आगाशीच्या सायबर कॅफेत जाऊन बघितलं तर आकडा कमी झालेला नव्हता. धोका उलट वाढला होता. सदतीसात एक.

हमखास कमी होईल म्हणून मी सांगून आले होते. फिलो म्हणाली, "आता गप्प बस. मंगळवार जाऊ दे." मी हो म्हटलं आणि मनापासून म्हटलं. पण घरी पोचतो तर फोन वाजत होता. हिराबाई होत्या, शेजाऱ्यांच्या फोनवरून.

"बाई, आज काय आकडा हाय?"

फिलो समोरून मान हलवत होती. मला खोटं सांगता येत नाही. तो गुण आहे की खोड, ते मी अजून ठरवलेलं नाही.

"सदतीसात एक," मी म्हटलं.

 पलीकडून "बरं," एवढंच. त्या "बरं"मध्ये भीती नव्हती. सुटका होती, हे मला फोन ठेवल्यावर जाणवलं, आणि तरीही मी त्याचा नीट विचार केला नाही. आकडा का वाढला, याच्यातच माझं डोकं अडकलं होतं.

मंगळवार

कॅफेवाला शटर उघडत होता तेव्हा मी दारात होते. पडद्यावर पान यायला जुन्या फोनच्या तारेवर पाच मिनिटं लागली. आलं, आणि मी खुर्चीत मागे टेकले. कुणीतरी जुन्या छायाचित्रांचे गठ्ठे उपसले होते. मार्च महिन्यातल्या काही चित्रांत, म्हणजे दगडाचा शोध लागायच्या तीन महिने आधीच्या, तो अगदी फिकट ठिपका होऊन बसलेला सापडला होता. तेव्हा कुणी त्याला ओळखलं नव्हतं. त्या ठिपक्याने कक्षा पक्की झाली. २०२९ला तो पृथ्वीजवळून जाईल, अगदी जवळून, साध्या डोळ्यांना दिसेल इतका, पण जाईल. त्या तारखेची शक्यता शून्य.

मला आनंद झाला, तो बेहद्द झाला. दगड चुकला याचा होताच, पण त्याहून जास्त, मला समजावून सांगायची रीत सापडली याचा. फिलोला शाळेच्या सुट्टीत झोपू न देता मी रिक्षात घातलं आणि अर्नाळा गाठलं.

माडांखाली दहा-पंधरा माणसं जमली होती. ओंडक्याला झेंडूची माळ होती. सुतार एका बाजूला वाकस, पटाशी अशी हत्यारं कापडावर मांडून बसला होता. रमेश रजा टाकून आला होता आणि लाकडावर तळवा ठेवून उभा होता, गायीच्या पाठीवर ठेवावा तसा. पण हळदकुंकवाचं ताट ओटीवर तसंच होतं आणि हिराबाई त्याच्या शेजारी बसून होत्या. तांडेल सकाळपासून समजावत होते. "सदतीसात एक झाला," एवढंच त्या म्हणायच्या. सुतार विचारत होता, थांबू का जाऊ.

मी सरळ ओटीवर गेले. म्हटलं, हिराबाई, ऐका, नवी बातमी आहे.

ताट-शेंगदाणा काही घेतलं नाही. मी तांडेलांचंच समुद्रावरचं बोलणं घेतलं. दगड कुठून जाणार याची आम्हाला आजवर एकच खूण मिळाली होती, नुसती रेघ. त्या रेघेवर पृथ्वी होती, शेजाऱ्याच्या जाळ्यासारखी. रोज वेध घेतले तशी रेघ आखूड होत गेली, पण पृथ्वी तिच्यावरच होती, म्हणून आकडा वाढत गेला. धुक्यात जवळ जाताना वाटतं ना, आता घुसलो. तसा. काल दुसरी खूण मिळाली, मार्चमधली. मनोरा आणि ताड एका रेघेत आले. आणि कळलं की दगड जाळ्यापासून लांब आहे.

बाया माना डोलवत होत्या. त्यांच्या घरात हे रोजचं. एक म्हातारा कोळी म्हणाला, "बराबर हाय." तांडेलांचा चेहरा तर असा उजळला की मला संकोच झाला. आयुष्यात एवढं चांगलं मी कधी शिकवलं नसेन. वर्गात एवढं शांत कधी कुणी ऐकलं नव्हतं.

"म्हंजे आकडा किती?" हिराबाईंनी विचारलं.

"नाही. आकडाच नाही. शून्य."

"नक्की?"

"नक्की."

त्या माझ्याकडे बघत राहिल्या. रागाने नाही. मग फक्त मला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, "भावाचं बोलले तं हा बोलतो, तुझा भाव दारू पिऊन गेलेला. रमेशचं बोलले तं बोलतो, कोल्याचा पोर हाय. माझ्या बोलन्याला या घरात वजन नाय, बाई. तुमच्या कालेजच्या दगडाला होतं. आज सकालपासून सुतार नुसता बसला त्याच्यापायी. आता मी कुठच्या तोंडानं नको बोलू?"

 फिलोने मला सगळं शनिवारीच सांगितलं होतं. मी ऐकलं होतं आणि बाजूला ठेवलं होतं. मला लाज वाटली, आणि ती अजून वाटते.

हिराबाई उठल्या. पदर खोचला, ताट घेतलं आणि माणसांतून वाट काढत लाकडापर्यंत गेल्या. आधी हळद, मग कुंकू, या टोकापासून त्या टोकापर्यंत पाच ठिकाणी. हात कुठे थांबला नाही. रमेशने नारळ फोडला. तांडेलांनी मला मुद्दाम हाक मारून पहिला तुकडा दिला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगितलं, "बाईंच्यामुलं झालं."

सुताराने वाकस उचलला.